गुडघा ठीक आहे

शर्यत जिंकून मारेन थेट फिजिओच्या खोलीत आली. ट्रॅकपँट वर सरकवून टेबलावर आडवी झाली आणि अपर्णाला म्हणाली, "या गुडघ्यात काही बिघडलेलं सापडतंय का बघ."

अपर्णाने गुडघा चाचपला, वाकवला, सरळ केला, दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. सॉल्ट लेक सिटीच्या या स्केटिंगच्या मैदानावर ती फिजिओथेरपिस्ट होती. नागपूरच्या उन्हात वाढली असली, तरी बर्फावरच्या खेळाडूंचे गुडघे एव्हाना तिच्या चांगले ओळखीचे झाले होते. हा गुडघा उत्तम होता. तिने तसं सांगितलं.

मारेनचा चेहरा उतरला.

बाहेर लाउडस्पीकरवर अजून तिचंच नाव चाललं होतं. जर्मनीची मारेन, पाच हजार मीटरची विश्वविजेती, ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवणारी. मारेनने उठून दार लावलं आणि पुन्हा टेबलावर आडवी होऊन हळू आवाजात सांगितलं, की तिला आता हे नको झालंय. लहानपणापासून ती बर्फावर फक्त डावीकडे वळत आली होती. आज शेवटच्या फेरीत सगळे तिच्या नावाने ओरडत होते आणि तिच्या मनात एकच होतं, घरामागच्या जंगलात शिरायचं आणि सरळ चालत सुटायचं.

पण वडिलांना सांगायचं कसं? तिला चालता यायला लागल्यावर त्यांनीच बर्फावर उभं केलं होतं. तिला शिकवता यावं म्हणून त्यांनी नोकरी सोडली होती. पुढच्या ऑलिंपिकच्या सरावाबद्दल ते आज सकाळीच बोलत होते.

"गुडघा गेला म्हणून सांग," मारेन म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल, पण मी सोडून दिलं असं तरी वाटणार नाही."

खोटं बोलायची अपर्णाला भीती वाटत होती, आणि नाही म्हणायलाही जीभ रेटत नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं. डिटर, मारेनचे वडील, आत आले. गार वाऱ्याने त्यांचे गाल लाल झाले होते. मुलीला टेबलावर पाहून ते जागीच थबकले. काय झालं, असं त्यांनी अपर्णालाच विचारलं.

अपर्णाने मारेनकडे पाहिलं. मारेन छताकडे बघत होती.

"गुडघा ठीक आहे," अपर्णा म्हणाली. "तिला तुमच्याशी बोलायचंय. मी बाहेर थांबते."

मारेनने तिचा हात धरून ठेवला. उठून बसली. अपर्णाशी बोलत होती तशी वडिलांशीही ती इंग्रजीतच बोलली. जर्मनमध्ये तिला ते जमलं नसतं.

"पापा, मला आता थांबायचंय. दुखत काहीच नाहीये. नुसतंच थांबायचंय."

डिटर भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आता हे रडणार, असं अपर्णाला वाटलं. पण त्यांचे खांदे नुसतेच सैल झाले, लांबून वाहून आणलेल्या पिशव्या खाली ठेवल्यावर होतात तसे. मग ते सांगू लागले. मागच्या ऑलिंपिकनंतरच त्यांना हा विषय काढायचा होता. पण त्यांनी काढला तर बापाचा आपल्यावर विश्वास उरला नाही असं तिला वाटेल, म्हणून ते बोलले नव्हते.

मारेनला हसू फुटलं. हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले, पुन्हा हसली, आणि टेबलावरून उतरून वडिलांच्या गळ्यात पडली. दोघं बराच वेळ तशीच राहिली.

मग डिटर तिच्या खांद्याचा आधार घेत उठले आणि स्वतःच टेबलावर चढून बसले. पँटचा पाय वर दुमडला. त्यांचा डावा गुडघा टम्म सुजला होता.

"आता माझा बघा," ते अपर्णाला म्हणाले. "बर्फापाशी उभं राहवत नाही हो."