फास्ट

“ताई, कीर्तन जरा फास्ट घ्या. साडेसातला आमदारांचा सत्कार आहे,” ट्रस्टचे अध्यक्ष व्यासपीठाच्या कडेने पुटपुटले. आख्यान नुकतं रंगात आलं होतं. पेटीवरची माझी बोटं थबकली. ते अर्धवट टाकायचं की काय?

कुमुदताईंनी झांज थांबवली. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई ती! “मंडळी, अध्यक्ष म्हणतात, फास्ट घ्या. फास्ट म्हणजे वेगात. फास्ट म्हणजे उपासही. तो आज एकादशीचा सगळ्यांनाच आहे. अध्यक्षांचं विठ्ठल जाणे.” हशा पिकला. “पण दोन्हींचं मूळ एकच, जुन्या इंग्रजीतलं. त्याचा अर्थ, घट्ट धरून राहणं. उपास म्हणजे नेम घट्ट धरणं. तेव्हा अध्यक्षांची आज्ञा शिरसावंद्य! मी फास्टच घेणार. पांडुरंगाचे पाय धरलेत, ते आता सोडत नाही.”

खटकन माइक बंद झाला.

मागच्या रांगेतल्या बायका उठल्या. संपलं, माझ्या मनात आलं. पण त्यांनी सतरंजी उचलली, पुढे आणून ताईंच्या पायांशी अंथरली आणि बसल्या.

ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गोविंदराव, लय संथ ठेवा.”