ससा घाबरला नाही

ससा हसत होता, आणि ते ताईला अजिबात आवडलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीसाठी त्याचं नाव पुकारायला थोडाच वेळ उरला होता. दोघं रॅम्पच्या माथ्यावर उभी होती. समोर दीड मजला खोल लाकडी उतार, वरच्या बाजूला भिंतीसारखा सरळ, खाली वळून पलीकडे तितकाच वर चढलेला. या काठावरून स्केटबोर्ड घेऊन खाली झोकून द्यायचं, पलीकडच्या काठावरून हवेत उडायचं, गिरकी घ्यायची आणि परत त्याच उभ्या लाकडावर चाकं टेकवायची. सरळ जिवाशी खेळ. ससा कित्येक वर्षं यावरच पोट भरत होता, आणि कित्येक वर्षं यालाच घाबरत होता.

साधंसुधं घाबरणं नव्हे हो! स्पर्धेच्या दिवशी त्याच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. उतरलंच तर पोटात राहायचं नाही. हातपाय गार पडायचे. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. प्रशिक्षक तीच, बोर्डाची मेकॅनिकही तीच. तिचं मनगट धरून तो विचारत राहायचा, "ताई, चाकांचे नट बघितलेस ना? नीट बघितलेस?" बाकीचे खेळाडू त्याला ससा म्हणायचे, ते काही धावण्यावरून नाही. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं तोंडावर चिडवायचे. आणि राक्षस खरंच पाठीशी असायचा. अडीच गिरक्यांची ती अवघड उडी सरावात जमायची. स्पर्धेत मात्र ऐन वेळी तो बोर्ड पायाखालून लाथाडायचा आणि गुडघ्यांच्या पॅडवर घसरत खाली यायचा. कधी तिसरा आला, कधी चौथा. पहिला कधीच नाही.

आज सकाळी सरावात गुडघे टेकायला वेळच मिळाला नाही. तो पाठीवर पडला आणि हेल्मेट लाकडावर आपटलं. ताई त्याच्याकडे धावली. पण तो आपला आपण उठला, कपडे झटकले. स्पर्धेच्या डॉक्टरांनी त्याला नाव विचारलं, वार विचारला, डोळ्यांपुढून बोट फिरवून बघितलं. सगळं ठीक निघालं. "खेळू दे," डॉक्टर म्हणाले.

मग त्याची पहिली फेरी झाली. आणि काय फेरी झाली! हवेत अडीच गिरक्या घेऊन ससा इतका अलगद उतरला, की माथ्यावरचे सगळे खेळाडू आपापल्या बोर्डाची शेपटी काठाच्या लोखंडी पाइपवर आपटू लागले. या खेळात टाळ्यांपेक्षा मोठी दाद तीच. अख्खा रॅम्प दणाणला. ससा पहिल्या नंबरावर गेला!

"मेली रे तुझी भीती एकदाची!" त्याचा जुना प्रतिस्पर्धी दाढीवाला त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. ससा त्याच्याकडे बघून नुसता हसला.

ताईनेही हसायला हवं होतं. 'घाबरू नकोस' सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. मग आज तिलाच भीती का वाटत होती? तिला ठाऊक होतं ना, ही भीती होती म्हणूनच याची हाडं आजवर धड राहिली. भीती त्याला वेळेवर बोर्ड सोडायला सांगायची. आज सराव झाल्यावर त्याने अख्खं केळं खाल्लं होतं. नटांबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिने त्याचा हात हातात घेतला. हात उबदार होता.

"घाबरलायस का रे?" तिने विचारलं.

"कशाला?" तो म्हणाला. "अजिबात नाही."

असं उत्तर त्याने जन्मात दिलं नव्हतं. आता डॉक्टरांना जाऊन काय सांगायचं? माझा भाऊ घाबरत नाहीये, त्याला थांबवा? लोक हसले असते. नंबर दोन्ही फेऱ्यांचे गुण मिळून लागायचा. दुसरी हुकली की सगळं संपलं. आपली शंका खोटी ठरली, तर त्याच्या तोंडचा घास आपणच काढून घेतला म्हणायचं. जन्मभर तोंड बघणार नाही तो आपलं. आणि खरी ठरली तर? दीड मजल्यावरून परत एकदा डोक्यावर... तिला पुढचा विचारच करवेना.

नाव पुकारलं गेलं. ससा पुढे झाला आणि बोर्डाची शेपटी काठावर टेकवायला वाकला. भोंगा वाजायच्या आत उतरायचं, नाहीतर फेरी बाद, असा नियम होता.

ताईने तो बोर्ड दोन्ही हातांनी हिसकावून घेतला आणि रॅम्पच्या मागच्या बाजूला खाली भिरकावून दिला.

भोंगा वाजला. लोकांनी हुर्यो उडवली. दाढीवाला धावत आला. "ताई, डोकं फिरलं का तुमचं? हातात आलेला पहिला नंबर घालवलात की हो त्याचा!"

तिने सशाचा दंड घट्ट धरून ठेवला होता, आणि आता हा आपल्यावर ओरडणार म्हणून ती मान खाली घालून उभी होती.

ससा ओरडला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"असं काय करतेस गं ताई?" तो म्हणाला. "पहिली फेरी तरी होऊ दे की माझी!"