सगळ्यात वर तुमचंच

ऑफिसातल्या सगळ्यांची किचकट गणितं एकाच सर्व्हरवर चालायची. चालू प्रोग्रामवर 'रिनाइस'ची कमांड मारली की त्याचा नंबर वर लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती मारायचा अधिकार मात्र एकट्या सर्व्हरवाल्या दादाचा.

सकाळीच पुलांची गणितं करणाऱ्या बाई आल्या. "दादा, माझं तेवढं पुढे घ्या ना." दादाने इकडेतिकडे बघितलं, त्यांच्यासमोरच कमांड मारली आणि हळूच म्हणाला, "सगळ्यात वर टाकलंय. कुठे बोलू नका." मग रस्तेवाले आले, धरणवाले आले, बोगदेवाली आली. दादाने प्रत्येकाला त्याच मायेने तोच पहिला नंबर दिला. सगळेच पहिले, त्यामुळे मशीन होतं तसंच रडतखडत चालत राहिलं. तरी संध्याकाळी बाई आवर्जून सांगून गेल्या, "केवढा फरक पडला हो." माणसं किती सहज गंडतात, या विचाराने दादाला हसू आवरेना.

तेवढ्यात मोठ्या साहेबांनी बोलावलं. दादाची बायको आणि मुलगी दुसऱ्या गावी, आणि तिकडच्या बदलीचा त्याचा अर्ज कधीचा पडून होता. साहेबांनी दार लोटलं, आवाज खाली आणला. "तुझा अर्ज सगळ्यात वर ठेवलाय. कुठे बोलू नकोस."

दादाने साहेबांना दोनदा वाकून नमस्कार केला. तो तरंगत बाहेर पडला.



बाहेर बाकावर बदली मागणारे आणखी तिघं बसले होते. साहेबांना आधीच एकेकटे भेटून आलेले. तिघांनीही दादाकडे बघितलं, बिचाऱ्याची कीव आल्यासारखं.