माइकवरचा दिवा

"नदीवर पूल होणारच!" तात्यासाहेब गरजले आणि माइकवरचा दिवा लाल झाला. बोलणाऱ्याचाच विश्वास नसला की तो लाल होतो. सभा हसत सुटली. त्यांची प्रचार सल्लागार अनुजा दहिवले हिने घाईघाईने चिठ्ठी पुढे केली. तात्यासाहेबांनी वाचली, "पूल कसा होईल, मला ठाऊक नाही."

दिवा हिरवा! शिट्ट्या, टाळ्या. तात्यासाहेबांना चेव आला. "आणि माझी सगळी भाषणं या अनुजाताई लिहितात!"

पुन्हा हिरवा.

"मग माइक त्यांनाच द्या की!" पुढून एक बाई ओरडली.

अनुजाने माइक हातात घेतला. वीस वर्षं दुसऱ्यांना लिहून दिलेलं वाक्य तिने पहिल्यांदाच स्वतः उच्चारलं, "नदीवर पूल होणारच."

सगळी सभा उठून दिव्याकडे बघू लागली. दिवा हिरवागार होता.