आठ तास, मंद आचेवर

थोरलीने भांड्याच्या तळाशी कांद्याच्या चकत्या पसरल्या. त्यावर कोंबडीचे तुकडे, ठेचलेला लसूण, डब्यातले टोमॅटो, मूठभर काळे ऑलिव्ह आणि दोन चमचे ओरेगॅनो. पाणी अजिबात नाही. कुकरसोबतच्या पुस्तिकेच्या नवव्या पानावर तसं ठळक छापलं होतं आणि नवव्या पानापुढे ती गेलीच नव्हती. झाकण लावून तिने विजेवरच्या स्लो कुकरचं बटण मंद आचेवर फिरवलं. सकाळचे दहा वाजले होते. सहाला चिकन तयार, आणि सहालाच धाकटी येणार.

“एवढा व्याप कशाला?” नवरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. “बाहेरून मागवू. आणि ते धूड परत माळ्यावर टाकून दे.”

“तिला इटालियन चिकन आवडतं.”

“चार वर्षांपूर्वी आवडायचं.”

यावर बोलायला थोरलीला तोंड होतं कुठे?

बाहेरगावी जायचं झालं की दागिने भांड्यांत लपवायची तिची जुनी खोड. तांदळाच्या डब्यात बांगड्या, चहापत्तीत कानातलं. परत आल्यावर सगळं आठवेलच असं नाही. एकदा तर शिजलेल्या डाळीतून डूल थेट वाटीत आलं होतं आणि धाकटी त्यावर आठ दिवस हसत होती.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ती आणि नवरा एका लग्नाला गेले, दोन दिवसांनी परतले, तर आईची पाचूची अंगठी गायब. घरातला डबा न् डबा पालथा घातला. मागे घरी एकटी धाकटी होती. शिकायला म्हणून आलेली, नोकरी लागल्यावरही मागच्या खोलीत राहिलेली, सख्खी बहीण.

“पोलीसबिलीस नको,” नवरा तेव्हा किती समजुतीने बोलला होता. “फक्त तिला दुसरीकडे राहायला सांग.”

थोरलीने सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! “मेलेल्या आईलासुद्धा सोडलं नाहीस,” असं म्हणाली ती. धाकटीने बॅग भरली. बारा मार्चची दुपार होती. ती तारीख विसरू म्हणता विसरली जात नव्हती. पुढच्याच आठवड्यात नवऱ्याने मागच्या खोलीत आपलं टेबल-खुर्ची लावली. “घर कसं मोकळं मोकळं वाटतंय,” म्हणाला.

आणि गेल्या रविवारी, ऑफिसातली मैत्रीण या चिकनचं कौतुक करून मागे लागली म्हणून, थोरलीने कुकरचा खोका माळ्यावरून काढला. कधीकाळी नवऱ्यानेच आणलेला आणि तिने एकदाही न वापरलेला कुकर. आतल्या भांड्यात कागदाचा बोळा होता. बोळ्यात अंगठी.

नवरा क्षणभर नुसता पाहत राहिला. मग मोठ्याने हसला. “काखेत कळसा नि गावाला वळसा! तुझीच खोड ही. ठेवलीस आणि विसरलीस.”

थोरलीला हसू आलं नाही. तिला स्वतःची शिसारी आली. त्या रात्री तिने धाकटीला फोन लावला आणि नुसती रडत राहिली.

दुपारभर टोमॅटो-लसणाचा वास घरभर फिरत होता. झाकण काढून बघायची हुक्की तिला दहादा आली. पण एकदा वाफ गेली की शिजायला अर्धा तास जास्त लागतो, असं मैत्रिणीने बजावलं होतं. ती ओट्याशी उभी राहून माफीची वाक्यं जुळवत होती. एकही धड जमत नव्हतं.

धाकटी सहाला आली. केस आखूड, कानाजवळ दोन पांढरे.

“तू रडत होतीस म्हणून आले, ताई. जेवायला नाही.”

थोरलीने टेबलावर अंगठी ठेवली. जुळवलेलं सगळं विसरून गेली. “मीच ठेवली होती गं. या कुकरात. आणि चोर तुला म्हटलं. माझी जीभ झडली कशी नाही?”

धाकटीने अंगठीला हात लावला नाही. “चार वर्षं मी सगळ्या नातेवाइकांना हेच सांगत राहिले, की बहिणीकडे जागा कमी आहे म्हणून मी वेगळी राहते. खरं सांगायची मलाच लाज वाटायची. न केलेल्या गोष्टीची.”

थोरलीने मान खाली घातली. मग धाकटीनेच खुर्ची ओढली आणि ताट पुढे केलं. “वाढ. भूक लागलीय.”

मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. धाकटीने रश्श्यात पाव बुडवून खाल्ला, पुन्हा वाढून घेतलं. “भावजी, तुम्ही काहीच खात नाही?”

“खातोय की.”

“ताई, कृती दे मला याची.”

थोरलीने कुकरशेजारची पुस्तिका उचलली. कृती मागणारं माणूस पुन्हा घरी येणारं असतं. “पुस्तिकाच घेऊन जा. नववं पान.”

“अगं, ती राहू दे,” नवऱ्याने घाईने हात पुढे केला. “मी फोटो पाठवतो.”

पण पुस्तिका धाकटीच्या हातात पोचली होती. पानं चाळत ती शेवटापर्यंत गेली. मागच्या पुठ्ठ्याला गॅरंटी कार्ड टाचलेलं होतं. “ही तर केव्हाच संपली,” ती हसत म्हणाली. मग वाचता वाचता तिचं हसणं थांबलं. तिने पुस्तिका तशीच उघडी थोरलीच्या ताटाशी सरकवली.

“जेवा आधी, गार होतंय,” नवरा म्हणाला.

थोरलीने कार्ड दिव्याखाली धरलं. दुकानाचा शिक्का होता, खाली नवऱ्याची वळणदार सही होती, आणि खरेदीची तारीख होती तीस एप्रिल, धाकटीने बॅग भरली त्याच वर्षीची.