पासवर्ड नसलेलं ॲप

“पासवर्ड नसलेलं पाहिजे,” दत्तात्रेयशास्त्री म्हणाले. “आणि अक्षर मोठं.”

मालविकाने त्यांचा फोन हातात घेतला. रविवारची सकाळ होती, बँकेला सुट्टी. शास्त्रीबुवा आपल्या घरी येऊन बसलेत याचंच तिला नवल वाटत होतं. ब्रह्माघाटावर त्यांचं घर तिच्या घरापासून तीन दरवाजे सोडून. पण ते कुणाकडे जात नसत, लोक त्यांच्याकडे येत. अख्खी संहिता मुखोद्गत असलेला माणूस. समोर पोथी धरून वेद म्हणणारा दिसला की ते विद्यार्थ्यांदेखत त्याची टर उडवायचे. त्यांना आज नोट्स लिहायचं ॲप हवं होतं.

“काका, खूप प्रकार आहेत,” काउंटरवर बोलायच्या सवयीने ती समजावू लागली. “एकात कप्पे असतात, घरचं वेगळं, पूजेचं वेगळं. एकात नुसत्या पिवळ्या चिठ्ठ्या. एकात तुम्ही बोलायचं, ते लिहून घेतं. तुम्हाला ठेवायचंय काय? यजमानांचे पत्ते?”

“इंटरनेट गेलं तरी दिसतं?”

“दिसतं.”

“गल्लीत उभ्या उभ्या उघडता येतं?”

“येतं की.”

“वीणाला दिसणार नाही ना?”

वीणा म्हणजे त्यांची बायको. मालविकाला हसू आलं. “काकूंपासून काय लपवायचंय? आप भी ना, काका.”

शास्त्रीबुवा हसले नाहीत. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं, एवढंच त्यांचं चाललं होतं. सही जमेनाशी झालेली म्हातारी माणसं बँकेत अशीच करतात, हे तिने पाहिलेलं होतं. तिने हसू आवरलं.

“परवा दुर्गाघाटाच्या गल्लीत उभा होतो,” ते म्हणाले. “घर कुठल्या बाजूला, ते आठवेना. पाऊण तास. मग चुपचाप रुद्र म्हणत उभा राहिलो. लोकांना वाटलं, जप चाललाय. एक जण पायाही पडला. रुद्र अथपासून इतिपर्यंत आला गं. घर नाही आलं.”

“थकला असाल, काका.”

“नाही. वेद आहे तसा आहे. बाकीचं निसटत चाललंय.” त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. “वीणाला समजलं तर ती मला उंबऱ्याबाहेर सोडायची नाही. आणि गुरुजीच विसरतात म्हटल्यावर विद्यार्थी कोण ठेवेल माझ्याकडे? उद्यापासून घरात बसलो, की संपलं. डर लगता है. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी स्वतःचं नाव म्हणून बघतो.”

मालविका घाईघाईने कामाचं बोलू लागली.

“मग बोलून लिहिणारंच घेऊ. कुलूप नाही, काही नाही. आत्ता घालून देते.”

तिने फोन उघडला. पंचांग, व्हिडिओ कॉल, विजेचं बिल. पुढच्या पानावर तिचं बोट थांबलं. नोट्सचं एक ॲप तिथे आधीच होतं. त्याच्या शेजारी दुसरं होतं. आणि खाली तिसरं, तेच, जे ती आता घालून देणार होती.

फोनबरोबरच आली असतील, असं मनाशी म्हणत तिने पहिलं उघडलं. आत एकच नोंद होती, बारा दिवसांपूर्वीची.

‘माझे नाव दत्तात्रेय. घर ब्रह्माघाट, वरच्या गल्लीत हिरवा दरवाजा. वीणा माझी पत्नी. तिला हे सांगू नये. कोणा जाणत्याला विचारून चांगले ॲप घ्यावे.’

दुसऱ्यातही एकच नोंद, गेल्या रविवारची. तिसऱ्यातली कालची. तिने तिन्ही पुन्हा पुन्हा वाचल्या. कुठे एखादा शब्द वेगळा असता, तर तिला जरा बरं वाटलं असतं.

“काका, ही ॲप्स कुणी घालून दिली तुम्हाला?”

“कुठली?”

फोन बंद करून टाकावा असं तिला वाटलं. पण त्यांनी हात पुढे केला होता, आणि त्यांना नाही म्हणायची तिला लहानपणापासून सवय नव्हती. कुठे काय दाबायचं ते दाखवून तिने फोन दिला.

शास्त्रीबुवांनी चष्मा वर सरकवला. पहिली नोंद मोठ्याने वाचली, मग दुसरी, मग तिसरी. आवाज खणखणीत होता, सकाळी विद्यार्थ्यांपुढे असतो तसा. आता यांच्या लक्षात येईल, आता चेहरा पडेल, मग मी काय करू, काकूंना बोलावू का, हेच मालविकाच्या डोक्यात चाललं होतं.

चेहरा पडला नाही. उलट तो निवळला.

“पाठ पक्का आहे,” ते म्हणाले. “तिन्ही ठिकाणी काना-मात्रेचाही फरक नाही.” परीक्षेत विद्यार्थी उत्तीर्ण झाला की ते असंच मान हलवून, समाधानाने सांगत.

मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला आणि ते सरसावून बसले.

“हं. तर मग तू कुठलं घे म्हणत होतीस?”