ऐकून झालंय

"बाबा, एवढं भरून काय ठेवलंय या फोनमध्ये? जगातली सगळी फुलं नि फुलपाखरं?" मुलगा ओरडला. ओरडावंच लागायचं. बाबांचं उभं आयुष्य छापखान्यातल्या यंत्रांच्या खडखडाटात गेलं होतं, आणि कान तिथेच राहिले होते.

"येतात सकाळी सकाळी. नको कसं म्हणायचं कुणाला?" बाबा म्हणाले.

बाबांचा फोन वाजायचा, पण उचलायला बोट लावलं की ढिम्म. मुलाने दोन दिवस लावून पाहिला आणि शेवटी कुरकुरत स्वतःच आला. कंपनीत चार माणसं हाताखाली असलेले हे साहेब बापाचा फोन हातात घेऊन सोफ्यावर बसले. "हे माझं पाच मिनिटांचं काम," असं म्हणून त्याने फुलं पुसली, गुडघेदुखीवरचे व्हिडिओ पुसले, कुणीतरी घालून दिलेला आणि कधीच न उघडलेला खेळ काढून टाकला. तरी फोन आपला 'मेमरी फुल' म्हणत अडूनच. मग त्याने जागा कशाने खाल्लीय ते शोधलं, तर सगळी कॉलची रेकॉर्डिंग. आणि प्रत्येकावर एकच नाव, 'चिरंजीव'. म्हणजे हाच.

"बाबा, तुम्ही माझे फोन रेकॉर्ड करता?"

"मी कुठे करतो? त्या औषधवाल्याने लावून दिलंय, आपोआप होतं. तू बोलतोस ते निम्मं कळतच नाही रे मला. मग संध्याकाळी निवांत लावतो. आवाज पूर्ण मोठा करायचा, कानाला चिकटवायचा. दोनदा ऐकलं की सगळं लागतं."

"सगळं?"

"सगळं," असं म्हणून बाबा चहा टाकायला आत गेले.

मुलाचं बोट त्या यादीवरच थांबलं. कारण या गड्याला एक वाईट खोड होती. बाबा पलीकडून बोलत असले की हा इकडे बायकोशी हळू आवाजात गप्पा मारायचा. फोनवर हात ठेवायचीही तसदी घ्यायचा नाही. कशाला घ्यायची? पलीकडे ऐकू येतंय कुणाला!

त्याने गेल्या हिवाळ्यातलं एक लावलं आणि कानाशी धरलं. आधी बाबांचं शेजारच्या जिन्याबद्दल काहीतरी लांबण चाललेलं. त्यावर त्याचाच आवाज, अगदी स्वच्छ. "आता 'कधी येतोस' सुरू होईल, बघ. म्हातारं एकदा चिकटलं की सुटत नाही." बायकोचं दाबलेलं हसू. लगेच बाबा, "कधी येतोस रे?" आणि लगेच पुन्हा तोच, साखर पेरल्यासारखा, "येतो ना बाबा! आत्ता तुमचीच आठवण काढत होतो आम्ही!"

त्याने घाईघाईने ते बंद केलं. हिवाळ्यापासून बाबांनी 'कधी येतोस' हे एकदाही विचारलं नव्हतं. हल्ली तर फोनसुद्धा तेच आधी ठेवायचे. "बाबा समजूतदार झाले हं आता," असं तो बायकोला कौतुकाने म्हणालाही होता.

लाज वाटत होती, भयंकर वाटत होती. पण सुचलं काय, तर पुसून टाकावं. बाबा कप घेऊन बाहेर आले तोवर त्याने सगळी रेकॉर्डिंग निवडून ठेवली होती.

"यांच्यामुळेच अडलाय फोन. काढू?" मोठ्याने बोलायचं होतं, पण निघालं हळूच. त्याला पुन्हा विचारावं लागलं.

"काढ की," बाबा बशीत चहा ओतत म्हणाले. "माझं ऐकून झालंय."

त्याने वर पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. बाबा बशीवर फुंकर घालत होते. त्याने बटण दाबलं, आणि इतका वेळ रुसलेला फोन एका क्षणात पळायला लागला.

"लावून बघतो," असं म्हणून त्याने फोन बाबांच्या हातात दिला आणि स्वतःचा घेऊन तो गॅलरीत गेला. समोरासमोर त्याच्याने काही बोलवणार नव्हतं. आत फोन वाजला. बाबांनी पहिल्याच बोटाला उचलला.

"बाबा," तो म्हणाला. मग ज्या हळू आवाजात इतके दिवस बायकोशी बोलायचा, त्याच आवाजात, "चुकलं माझं."

"हां, हां, छान चालतोय," बाबा म्हणाले. "बरं, कामात असशील. ठेवतो."

आणि ठेवला.

तो कठड्याला धरून उभा राहिला. दार अर्धं उघडं होतं. आत बाबांनी चष्मा पुसला, फोनवर काहीतरी शोधलं, आवाज वाढवला आणि फोन कानाला चिकटवला. गॅलरीपर्यंत त्याचाच आवाज आला, खणखणीत. चुकलं माझं. बाबांनी ते पुन्हा एकदा लावलं.

मग मान न वळवता ते म्हणाले, "आत येऊन बोल. फोनवर मला ऐकू येत नाही, माहीत आहे ना तुला?"